मदत हवी आहे: सोसायटीचा खतप्रकल्प टिकतो कोणाच्या जिवावर?

नमस्कार मंडळी, पुण्यात ओल्या कचऱ्यावर इंटर्नशिप करतेय. सोसायट्यांचे खतप्रकल्प पाहायचे, कुठले चालू, कुठले बंद आणि का, ते लिहायचं.

कागदावर सगळं छान. २०१६ च्या घनकचरा नियमांतच ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं म्हटलं होतं. गांडूळखत केलं तर महापालिका मिळकतकरात सवलतही देते. प्रत्यक्षात एका ठिकाणी खताच्या टाकीवर कुंड्या मांडल्यात. दुसरीकडे झाकण उघडलं तर आंबूस वास, चिलटांचा ढग, तळाशी काळं पाणी. नुसतं खरकटं टाकलेलं, सुका पाला नावालाही नाही. तो शेजारीच पोत्यांत भरून घंटागाडीची वाट बघत होता! माळीकाका म्हणाले, "ताई, पाला टाकायचा असतो हे सांगितलंच नाही कुणी."

कर्ब-नत्राचं गुणोत्तर, म्हणजे सुका पाला किती आणि खरकटं किती, ते पुस्तकात मिळतं हो. पण मशीन बसवून ठेकेदार गेला की प्रकल्प बंद पडतो, आणि एखाद्या काकू रोज डोकावतात तिथे मात्र चालतो, असं मला दिसतंय. हे अहवालात मांडायचं कसं? सर आकडे मागतात.

तुमच्याकडे रोजचं कोण बघतं? पाला मिसळणाऱ्या माणसाला वेगळे पैसे देता का, की 'झाडलोटीतच धरलंय'? खताची नोंद असेल तर साध्या वहीच्या पानाचा फोटोही चालेल. आणि "पुढच्या मीटिंगला बघू" म्हणणाऱ्या सेक्रेटरींना बोलतं कसं करायचं, तेही सांगा. ठाणे-नाशिककरांचे अनुभवही हवेत, बंद पडलेल्या प्रकल्पांचे तर आधी.