एपी लँग: सिंथेसिस आणि आर्ग्युमेंट दोन्हीत ३ वरच अडकलेय

शाईपेन११: मी अकरावीत आहे, मे महिन्यात एपी इंग्लिश लँग्वेजची (अमेरिकन शाळांमधला कॉलेजच्या पातळीचा इंग्रजीचा विषय) परीक्षा आहे. मल्टिपल चॉइसचं (४५ प्रश्न, १ तास) टेन्शन नाही, पण तीन निबंधांना ५५ टक्के वेटेज आहे आणि माझी गाडी तिथेच अडते. रेटोरिकल ॲनालिसिस (लेखक आपलं म्हणणं कसं पटवतो ते उलगडायचं) बरा जातो, सिंथेसिस (सोबत दिलेले उतारे-तक्ते, म्हणजे सोर्स ए, बी, सी वगैरे, वापरून मत मांडायचं) आणि आर्ग्युमेंटला (स्वतःच्या उदाहरणांवर मत मांडायचं) मात्र दर वेळी ६ पैकी ३. थीसिसचा (मुख्य मताचा) १ मिळतो, एव्हिडन्स (पुरावे) आणि कॉमेंटरीत (त्यावरचं स्वतःचं भाष्य) ४ पैकी २. टीचरचा शेरा ठरलेला, "कॉमेंटरी वाढव". वाढवायची म्हणजे नक्की काय करायचं? कमीत कमी ३ सोर्स लागतात तर मी ४ घेते. मागच्या सरावाला शाळेत फोनबंदी असावी का असा विषय होता, त्यातलं माझं मराठीत सांगते: "फोनमुळे लक्ष उडतं. सोर्स बी म्हणतो की नोटिफिकेशन आली की मुलं धडा सोडून फोन बघतात. सोर्स डी म्हणतो की बंदीनंतर वर्ग शांत झाले. म्हणून बंदी हवी." प्लीज कोणीतरी नीट समजावून सांगा.

मधलीसुट्टी: मी दोन वर्षांपूर्वी दिली ही परीक्षा, माझंही अगदी हेच व्हायचं. बी म्हणतो, डी म्हणतो आणि तू एकदम "म्हणून" वर उडी मारलीस. त्या "म्हणून"च्या आधी तुझ्या डोक्यात जे चाललं होतं ना, तीच कॉमेंटरी, ती कागदावर आलीच नाही. असं करून बघ: "नोटिफिकेशन बघायला पाच सेकंद लागतात, पण तेवढ्यात गणिताची एक पायरी निसटली की पुढचं काहीच लागत नाही (सोर्स बी). म्हणजे खरं नुकसान पाच सेकंदांचं नाही, तुटलेल्या धाग्याचं आहे, आणि धागा तुटायला एकदा बघणंही पुरतं, त्यामुळे 'गरजेपुरता वापरा' हा नियम टिकत नाही." सोर्स एकच, पण आता बोलतेयस तू. कंसात सोर्सचं अक्षर दिलं तरी चालतं, दर वेळी "सोर्स अमुक म्हणतो" कशाला.

वहीतलीबाई: मी शिकवते हा विषय, वरचं अगदी बरोबर आहे. त्यात एक भर, सोर्स एकमेकांशी बोलायला लाव. डी म्हणतो वर्ग शांत झाले, पण शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग असं थोडंच आहे? ही शंका तूच काढ आणि तिचं उत्तर दुसऱ्या सोर्समधून दे. आणि सुरुवातीची १५ मिनिटं वाचनाची असतात ना, तेव्हा सोर्स उघडायच्या आधी विषय वाचून स्वतःचं मत दोन ओळीत लिहून काढ, मत आधी ठरलं नसेल तर सहाही सोर्स तुला आपापल्या दिशेला ओढत नेतात. तक्ता किंवा आलेख असलेला सोर्स मुलं घाबरून सोडतात, तो सोडू नकोस, त्यातला एकच आकडा घे आणि त्याचा अर्थ लाव.

शाईपेन११: ताई, बाई, खूप खूप थँक्यू. पण आर्ग्युमेंटमध्ये तर सोर्सच नसतात, तिथे मला काही आठवतच नाही, मग इतिहासातली तीन मोठी नावं टाकून मोकळी होते.

वहीतलीबाई: तीन नावं प्रत्येकी दोन ओळीत उरकण्यापेक्षा एक उदाहरण अर्धं पान चालव. २०१९ ला "ओव्हररेटेड" वाटणारी एखादी गोष्ट निवडून मत मांडायचं होतं. तिथे ज्या मुलीने चार वर्षं पोहण्याचा सराव केलाय तिने "स्पर्धा जिंकणं" घेतलं, आणि हरलेल्या शर्यतीनंतर कोचने तिच्या हाताच्या फिरवण्यातली कुठली चूक दाखवली ते लिहिलं, तर तिच्याकडे सांगण्यासारखं खरं काहीतरी आहे. स्वतः वाचलेलं, अनुभवलेलं, पाहिलेलं सगळं चालतं. सोफिस्टिकेशनच्या (विचारांच्या खोलीच्या) उरलेल्या १ मार्कासाठी अवघड शब्द पेरत बसू नकोस, विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा प्रामाणिकपणे मांडून त्याला नीट उत्तर दे.

मधलीसुट्टी: आणि वेळ लावून लिही, एका निबंधाला ४० मिनिटं. आता परीक्षा कॉम्प्युटरवर, ब्लूबुक नावाच्या ॲपवर असते, तर सरावही टाइप करूनच कर, माझ्या वेळी मी सगळा सराव हाताने केला होता.

शाईपेन११: फोनबंदीचाच तो पॅरेग्राफ आत्ता परत लिहिला, ४ ओळींचा ११ झाला आणि सोर्स मात्र दोनच. उद्या टीचरना दाखवते, मार्क कळले की इथे टाकते.