पोच घेतलीच पाहिजे

‘आरडाओरडा केल्याशिवाय रेशनकार्डाचं काम होत नाही’ असं या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय. अनुभव म्हणून ते खरं असेल, पण बाबू लोकांना आरडाओरड्याची सवय असते हो. ते खालमानेनं फाइल चाळत राहतात आणि पुढच्याला हाक मारतात. त्यापेक्षा कागद जास्त बोचतो. वहिनींचं नाव आमच्या कार्डात चढवायचं होतं. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला जोडला होता, तरी खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटून न बघता परत सरकवला. ‘सर्व्हर बंद आहे, सोमवारी या.’ शेजारच्या संगणकावर दुसऱ्याचं काम चालूच होतं! भावाने शांतपणे एवढंच म्हटलं, अर्ज ठेवून घ्या आणि पोच द्या. शिक्का मारताना बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

या चर्चेत अजून न आलेला मुद्दा म्हणजे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. अधिसूचित, म्हणजे सरकारने त्या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेच्या अर्जाची पोच देणं त्यात बंधनकारक आहे. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र पोच नसेल तर मुदत मोजायची कुठून? धान्यच कमी मिळत असेल तर ती तक्रार वेगळी, अन्नसुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची. तीही लेखीच द्या.