मॅक मिनीला 4के मॉनिटर म्हणजे चोचले. पटत नसेल तर सांगा!

उकारवेलांटी

मुलीच्या आग्रहाने गेल्या महिन्यात मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा छोटा संगणक, घेतला. एम4 चिपचा, 16 जीबीवाला, सगळ्यात साधा. वीतभरसुद्धा नाही तो डबा. "साठ हजारांत एवढंच?" या घरातल्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. सध्या हॉलमधल्या टीव्हीला जोडून भागवतोय, मालिका लागली की काम बंद.

काम म्हणजे मुद्रितशोधन. रोज सहा-सात तास मराठी पीडीएफ. टीव्हीवर अक्षरांच्या कडांना रंगीत फराटे दिसतात, त्यामुळे मॉनिटर घेणं भाग आहे. 27 इंची 1440पी (पडद्यावर वरून खाली 1440 ठिपके) पंधरा-अठरा हजारांत मिळतोय, 27 इंची 4केला (तिथे 2160) पंचवीस ते तीस. जो तो म्हणतो 4केच घे. मला हे चोचले वाटतात. वीस वर्षं साध्या मॉनिटरवर प्रुफं वाचली, एकही रफार निसटला नाही (बरं, फार निसटले नाहीत). सिनेमा बघायचा असता तर गोष्ट वेगळी. काळ्या अक्षरांसाठी दहा-बारा हजार जास्त का मोजायचे, हे कुणीतरी पटवून द्या. नाहीतर सोमवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन 1440पी उचलतो.

क्वचित

काका, हेच विंडोजच्या मशीनबद्दल लिहिलं असतंत तर अनुमोदन देऊन पुढे गेलो असतो. मॅकचं गणित वेगळं आहे.

पडद्यावरचा एकेक ठिपका म्हणजे लाल, हिरवी, निळी अशा तीन बारीक पट्ट्या. विंडोजचं क्लिअरटाइप त्या पट्ट्या सुट्या वापरून अक्षराच्या कडा तासतं, म्हणून विरळ पडद्यावरही अक्षर टोकदार दिसतं. मॅकमध्येही अशी सोय होती. 2018 साली मॅकची मोहावे ही प्रणाली आली आणि ॲपलने ती मोडीत काढली, कारण त्यांचे स्वतःचे पडदे तोवर इतके दाट झाले होते की गरजच उरली नव्हती. भुर्दंड पडतो तो बाहेरचा विरळ मॉनिटर जोडणाऱ्याला.

आता तुमच्या कामाचं बघू. 27 इंची 1440पीवर इंचाला 109 ठिपके येतात. कागदावरचा 12 पॉइंटांचा टाइप मूळ आकारात उघडलात तर त्याच्या वाट्याला उभे 18 ठिपके. इंग्रजीला तेवढे पुरतात. आपल्याकडे त्याच 18 ठिपक्यांत वरची मात्रा, अनुस्वार, रफार, शिरोरेषा, अक्षर आणि खाली उकार किंवा ऋकार, असं सगळं कुटुंब राहायचंय. 4केवर इंचाला 163, म्हणजे 27 ठिपके. वन रूम किचनमधून वन बीएचकेत गेल्यासारखं.

डोळ्याचंही सांगतो. 60 सेंटिमीटरवर बसलेल्या निकोप डोळ्याला इंचाला साधारण 145 पर्यंत ठिपके सुटे ओळखता येतात. 109 त्याच्या खाली आहे आणि 163 वर. 1440पी गुळगुळीत दिसायला हवा असेल तर 80 सेंटिमीटर मागे सरका. तेवढ्या लांबून प्रुफं वाचणार?

खिडकीबाहेर

वा! सोय काढली ॲपलने आणि दहा-बारा हजार भरायचे काकांनी. वर आपणच त्याला 'मॅकचं गणित' म्हणायचं.

आणि 4केसुद्धा शुद्ध तुपातलं नाही बरं का. 27 इंचांवर मॅक आपणहून जो आकार निवडतो त्यात सगळं 1080पीइतकं थोराड दिसतं. लोक ते बदलून 1440पीइतकं करतात. मग मॅक आधी 5120 गुणिले 2880चं चित्र रंगवतो आणि ते दाबून 3840 गुणिले 2160मध्ये बसवतो. म्हणजे अक्षराची कड ठिपक्यावर नेमकी बसतच नाही. ज्या बारकाईसाठी पैसे मोजले, तीच अशी चेपून मिळते.

काका, फुकटातला उपाय सांगतो. 1440पी घ्या आणि पीडीएफ दीडशे टक्क्यांवर उघडा. 12 पॉइंटांच्या अक्षराला तिथेही 27 ठिपके मिळतील. संपला विषय.

क्वचित

चेपलेलं चित्र भिंगाने बघितलं तर कळतं, एरवी मला तरी कळलेलं नाही, आणि एम4ला त्या कामाचा भार वाटत नाही. शिवाय थोराड आकारात 1080पीच्या अगदी नेमकं दुप्पट चित्र असतं, तिथे चेपाचेपी नाही. दिवसभर वाचणाऱ्या माणसाला मेनूची अक्षरं मोठी दिसली तर बिघडलं कुठे?

झूमचं म्हणाल तर खरं आहे. पण मग पान अर्धंच दिसणार.

बोळवण

24 इंची 1080पी, आठ-नऊ हजार. उरलेल्या पैशांत यूपीएस. मिनीला बॅटरी नसते हे कुणाच्या लक्षात आहे का? वीज गेली की प्रूफ गेलं.

उकारवेलांटी

यूपीएसचं मान्य. 24 इंच नाही. मी पट्टी घेऊन हिशेब केला आहे. ए4 पान 29.7 सेंटिमीटर उंच, आणि 24 इंची म्हणून विकतात त्या पडद्याची उंचीही साधारण तेवढीच. वरचा मेनू धरला की पान बसत नाही. 27 इंचीला साडेतेहेतीस सेंटिमीटर मिळतात, पान मूळ आकारात अख्खं दिसतं आणि शेजारी लेखकाची मूळ प्रतही मावते. याच कारणाने खिडकीबाहेर यांचा झूम मला अडचणीचा. अनाथ ओळ, परिच्छेदाची मोकळी जागा, पृष्ठांक या चुका अख्खं पान समोर असल्याशिवाय दिसत नाहीत.

हे लिहिताना जाणवतंय की मी माझ्याच बाजूविरुद्ध बोलतोय. असो.

सढळहस्त

हे सगळं टाळायला ॲपलचा स्टुडिओ डिस्प्ले आहे. 27 इंच, 5के, इंचाला 218 ठिपके, नेमकं दुप्पट, चेपाचेपी शून्य. एकदाच काय ते घ्यायचं.

बोळवण

दीड लाखाच्या वर! आणि उंची कमीजास्त होणारा स्टँड हवा तर त्याचे पैसे वेगळे. मिनी दोन-अडीच येतील त्यात.

अनुनासिक

मी वयाने छप्पन आणि धंद्याने मुद्रितशोधकच. वरचं ठिपक्यांचं गणित वाचून हसू आलं. "निकोप डोळा" नक्की कुणाचा? प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मॉनिटरच्या अंतराची पट्टी मुळात चिंचोळी असते आणि ती भिंगात मधल्या भागाच्या जरा खाली असते. मॉनिटर उंच असला की हनुवटी वर करून वाचावं लागतं. तासाभरात मान धरते.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेने 4के घेतला. त्याचा स्टँड फक्त मागेपुढे कलायचा, खाली यायचाच नाही. शेवटी मागच्या चार भोकांत मॉनिटर धरणारा हात (आर्म) बसवून टेबलाजवळ आणला, त्याचे पैसे वेगळे गेले. म्हणून माझं मत असं की खालीवर होणारा आणि उभा फिरणारा 1440पी हा ठोकळ्यासारख्या 4केपेक्षा कधीही बरा. नाहीच मिळाला तर निदान मागे 100 गुणिले 100 मिलिमीटरची भोकं आहेत ना, एवढं बघा. काहींना नसतात.

अजून एक. त्या मॉनिटरवर एक ठिपका मेलेला निघाला. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, एवढ्याला बदलून देत नाही. पांढऱ्या पानावरचा काळा ठिपका हो! शिरोरेषेच्या वर आला की अनुस्वार. एका कवितासंग्रहात मी तोच अनुस्वार तीनदा काढायला सांगितला. अक्षरजुळणी करणारा मुलगा शेवटी फोन करून म्हणाला, "मॅडम, तिथे काही नाहीये." तेव्हा दुकानातच पांढरं, काळं, लाल असे कोरे पडदे लावून बघून घ्या.

सढळहस्त

निदान टाइप-सीवाला तरी घ्या, 90 वॉट वीज देणारा. एका वायरीत सगळं.

क्वचित

लॅपटॉपला. मिनी त्या वायरीतून वीज घेतच नाही, त्याची वायर थेट भिंतीत जाते. 90 वॉटचे पैसे मिनीवाल्याने भरायचं कारण नाही. हां, मिनीला जुन्या आकाराचं एकही यूएसबी भोक नाही, त्यामुळे मॉनिटरमागे दोन-तीन मिळाली तर माउस-पेनड्राइव्हची सोय होते. पण ते काम हजाराच्या हबनेही होतं.

रच्याकने, टीव्हीची जुनी एचडीएमआय वायर 4केला लावू नका. फार जुनी असेल तर पडदा 30 हर्ट्झवर (सेकंदाला 30 चित्रांवर) अडकतो, माउस चिखलातून चालल्यासारखा चालतो आणि माणूस मॉनिटरला शिव्या देतो.

खिडकीबाहेर

अनुनासिक यांचं सगळं मान्य, आणि त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. चष्मेवाल्या डोळ्याला 109 काय नि 163 काय. पैसे स्टँडवर घाला.

अनुनासिक

माझ्या नावावर भलतंच खपवू नका. चष्म्याचा नंबर बरोबर असेल तर अक्षर चांगलंच स्पष्ट दिसतं. मी उंची *आधी* बघा म्हटलं, ठिपके बघू नका असं कुठे म्हटलं?

उकारवेलांटी

सोमवारी जाऊन आलो. दुकानांत सगळीकडे मॉनिटर विंडोजला लावलेले आणि त्यावर समुद्रातले मासे पोहत असतात. म्हणून मिनीच सोबत नेला होता. पाऊण किलोही भरत नाही, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत आरामात बसला. दादरला गाडी बदलताना शेजारच्याने "आज उशीर झाला का जेवायला?" असं विचारलंही.

दुकानातला पोरगा भला होता. 1440पी आणि 4के शेजारी ठेवून दोन्ही जोडू दिले. मी माझीच एक पीडीएफ उघडली, शंभर टक्क्यांवर, एक शब्द शोधून. 'सर्वांत'. आमच्या धंद्यात 'सर्वात' की 'सर्वांत' हा रोजचा तंटा. 1440पीवर रफार आणि अनुस्वार मिळून एक करडा डाग दिसत होता. अनुस्वार आहे असं मला *माहीत* होतं, म्हणून दिसत होता. 4केवर दोन्ही सुटे. अनुनासिक यांच्यासारखीच माझीही हनुवटी वर गेली, तेव्हा स्टँड खाली करायला सांगितला, तर तो नुसता कलणारा निघाला. त्याच कंपनीचा खालीवर होणारा साडेतीन हजारांनी महाग. तो घेतला. कोरे पडदे लावून बघितले, ठिपके शाबूत आहेत.

चोचले हा शब्द मागे घेतो. बजेट मात्र बुडालं. यूपीएस दिवाळीनंतर.

खिडकीबाहेर

त्याच मिनीऐवजी विंडोजचा छोटा डबा नेला असता तर 1440पीवरही 'सर्वांत' वाचता आला असता, हे नोंदवून ठेवतो.

बोळवण

दिवाळीपर्यंत दर दोन मिनिटांनी सेव्ह करा, काका.