मदत हवी आहे: पोलिसांवर नुकसानभरपाईचा दावा, मुदत कुठली धरायची?

तालुकाबार

नमस्कार मंडळी. पक्षकार भुसार व्यापारी. उधारीच्या वादातून समोरच्याने फसवणुकीची फिर्याद दिली, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३१८(४). १४ मार्चला संध्याकाळी ६.१० वाजता दोन अंमलदार त्यांना दुकानातून घेऊन गेले. दुकानाच्या कॅमेऱ्यात ते वेळेसकट दिसतं. अटक मात्र १५ मार्चला सकाळी ११.४० ला दाखवली आहे आणि न्यायालयात हजर केलं १६ मार्चला सकाळी ११ वाजता. जामीन त्याच दिवशी झाला. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३५(३) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, नोटीस दिलेली नाही. गल्ल्यातले ४२,००० रुपये आणि मोबाइल नेला, पण जप्ती पंचनाम्यात मोबाइल आणि १८,००० एवढंच आहे. तपासाअंती ‘क’ समरी (गुन्हा गैरसमजाचा किंवा दिवाणी स्वरूपाचा असल्याचा पोलिसांचा अहवाल) गेली, ती २ जुलैला मंजूर झाली.

आज २१ जुलै. नुकसानभरपाईचा दावा लावायचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची (शासनावर दावा लावण्याआधीची दोन महिन्यांची) नोटीस पुरेशी आहे का? मुदत एक वर्षाची धरून चालेल का? प्रतिवादी कोण कोण करायचे? पक्षकाराला अधिकाऱ्यावर वैयक्तिक दावा हवा आहे, शासनावर नको म्हणतात.

दिवाणीदालन

एक वर्ष अजिबात धरू नका. बेकायदा कैदेला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७३ प्रमाणे सुटकेपासून एक वर्ष आहे, पण ते सर्वसाधारण. महाराष्ट्रात पोलिसांच्या बाबतीत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम १६१ आडवं येतं. अधिकाराच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा कृत्यापासून सहा महिन्यांत. शिवाय त्या अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस. दाव्यात नोटीस बजावल्याची तारीख लिहायची, समोरच्याने भरपाई देऊ केली होती का आणि किती तेही लिहायचं, नोटिशीची प्रत जोडायची आणि ती कधी, कशी बजावली याचं निवेदन द्यायचं. या चारपैकी एक जरी राहिलं तरी सरकारी वकील पहिल्या तारखेला तेच बोट ठेवतात.

आता तुमचा हिशोब. सहा महिने १४ सप्टेंबरला भरतात. नोटीस २५ जुलैला बजावली तरी कलम ८० चे दोन महिने २५ सप्टेंबरला संपणार. म्हणजे नोटीस पाळली तर मुदत जाते आणि मुदत पाळली तर नोटीस अपुरी पडते. बहुतेक दावे इथेच मरतात, कारण लोक समरी मंजूर व्हायची वाट बघत बसतात. समरीचा आणि बेकायदा कैदेच्या मुदतीचा काही संबंध नाही.

वाट आहे. मुदत कायद्याच्या कलम १५(२) ने नोटिशीचा काळ वगळला जातो आणि कलम २९(२) मुळे ते विशेष कायद्यालाही लागू होतं. त्यावर दोन महिने मिळतात. तरी नोटिशीची मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी दावा दाखल झालेला असावा. विलंब माफीचा अर्ज इथे चालत नाही, कलम ५ दाव्यांना नाही.

दुसरा आधारही दाव्यात मांडून ठेवा: कृत्य ‘अधिकाराच्या नावाखाली’ नव्हतंच, म्हणून १६१ लागूच नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम, १९६६: तपासात संशयितांना मारहाण आणि डांबून ठेवणं या कलमाच्या आड येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. उलट विरूपाक्षप्पा विरुद्ध म्हैसूर राज्य, १९६३ मध्ये खोट्या पंचनाम्याला संरक्षण मिळालं. तुमच्याकडे दोन्ही प्रकारची कृत्यं आहेत, तेव्हा डांबणं एका परिच्छेदात आणि पंचनामा वेगळ्या परिच्छेदात. खिचडी केलीत तर सगळंच १९६३ च्या बाजूला झुकेल.

नोटीस एकच काढा, पण वर ‘कलम ८० दिवाणी प्रक्रिया संहिता व कलम १६१(२) महाराष्ट्र पोलीस अधिनियम’ असं दोन्ही लिहा. एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक गृह विभागाच्या सचिवांना, आणि प्रत्येक अधिकाऱ्याला स्वतंत्र. फक्त टपालावर विसंबू नका. रजिस्टर्ड एडी आता स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, नोंदणी आणि पोच वेगळी मागून घ्यावी लागते. जिल्हाधिकारी कार्यालयात आवक शिक्का घेऊन हातानेच द्या.

खंडपीठ

दिवाणीदालनांचं मुदतीचं गणित बरोबर, पण मी आधी उच्च न्यायालयात रिट (मूलभूत हक्कांसाठीचा अर्ज) लावेन. कारण कस्तुरीलाल. १९४७ साली मेरठला पोलिसांनी व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि १९६४ साली निकाल लागला की शासन जबाबदार नाही, हे सार्वभौम कार्य. दिवाणी दाव्यात सरकारी वकिलांची कैफियत आजही तिथूनच सुरू होते. १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने त्याची धार बरीच बोथट केली, तरी वाद घालावा लागतोच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ च्या रिटमध्ये तो बचावच नाही: नीलबती बेहेरा, १९९३, कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख रुपये. शिवाय रिटला १६१ ची सहा महिन्यांची कात्री नाही, मात्र विनाकारण उशीर खपत नाही.

अडचण एकच. वस्तुस्थितीवर वाद उभा राहिला की उच्च न्यायालय ‘दिवाणी न्यायालयात जा’ म्हणतं, साक्षीपुरावा तिथे होत नाही. म्हणून रिटमध्ये तेवढंच न्या जे त्यांच्याच कागदावरून दिसतं. रिमांड रिपोर्टवर अटक ११.४०, हजर ११.००. कागदावर २३ तास २० मिनिटं, चोवीसच्या आत बेताने बसवलेले. कॅमेऱ्याप्रमाणे ४० तास ५० मिनिटं. त्यात ३५(३) ची नोटीस नाही आणि गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा, म्हणजे अर्नेश कुमार, २०१४ (अशा गुन्ह्यांत सरसकट अटक नको हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) थेट लागू. हे रिटचं प्रकरण आहे. २४,००० रुपयांचा फरक मात्र रिटमध्ये घालू नका. रिटमध्ये मिळालेली रक्कम पुढे दाव्याच्या रकमेतून वळती होते, दावा बुडत नाही. सांगली-सातारा-सोलापूरकडचे असाल तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट खंडपीठ, मुंबईच्या फेऱ्या नकोत.

तालुकाबार

दोघांचेही आभार. दुकानाचा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) जुना आहे, घड्याळ पुढे असल्याचं पक्षकार म्हणतात. आणि ठाण्याचं फुटेज मागावं का? प्रतिवादींचंही सांगा.

मुद्देमाल

घड्याळ किती पुढे आहे ते आजच नोंदवा, नाहीतर उलटतपासात ६.१० चे कितीही वाजतील. डीव्हीआरचा पडदा आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. त्याहून पक्कं म्हणजे १४ तारखेला त्या सुमाराचं एखादं यूपीआय पेमेंट शोधा. गिऱ्हाईक फुटेजमध्ये स्कॅन करताना दिसतं आणि बँकेच्या उताऱ्यावर त्याची वेळ असते. फरक आपोआप निघतो. हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा, दुकानात नवी बसवा. मार्चचं चित्रण अजून शिल्लक असेल तर नशीब समजा. न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र, भाग अ आणि भाग ब दोन्ही, हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). नुसता पेनड्राइव्ह जोडणारे अजूनही भेटतात.

ठाण्याचं फुटेज: परमवीर सिंग सैनी, डिसेंबर २०२०, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायचं. नोटिशीची वाट न बघता पोलीस अधीक्षकांना ‘चित्रण जतन करा’ असं पत्र आजच द्या. तारीख, वेळ, कुठले कॅमेरे (प्रवेशद्वार, ठाणे अंमलदाराचा कक्ष, लॉकअप) सगळं लिहून. सोबत माहिती अधिकारात स्टेशन डायरीच्या १४ ते १६ मार्चच्या नोंदी. उत्तर ‘कॅमेरा बंद होता’ असं आलं तरी ते कामाचं आहे, बंद का होता हे मग त्यांनी सांगायचं. डायरीच्या नोंदींचे अनुक्रमांक बघा. १४ च्या रात्री अंमलदार ‘रवाना’ आहेत आणि ‘परत’ची नोंद नाही, किंवा दोन नोंदींच्या मध्ये बारीक अक्षरात एक नोंद कोंबलेली आहे, असं काही निघतं का पाहा.

पैशांचं: आधी बीएनएसएस ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज. त्यात ४२,००० लिहा, १८,००० नाही. १८,००० लिहून सही केलीत की दावा संपला. ठाण्यातून दागिने चोरीला गेल्यावर १९७७ च्या बसव्वा पाटील निकालात शासनाला त्यांची किंमत भरून द्यायला लावली होती, तो कस्तुरीलालवरचा उतारा आहे. रोजमेळ दाखल करा, पण एकट्या वहीवर समोरच्याची जबाबदारी शाबीत होत नाही. त्या दिवशीची बिलं आणि नोकराची साक्षही हवी.

दिवाणीदालन

प्रतिवादी: ‘महाराष्ट्र राज्य, तर्फे जिल्हाधिकारी’ हवंच, संहितेचा आदेश २७ नियम ५अ पाहा, पदाच्या नात्याने केलेल्या कृत्यावर शासन पक्षकार करावंच लागतं. पक्षकाराला ‘शासन नको’चा मोह आवरायला सांगा. अधिकारी नावानिशी, हुद्दा पुढे ‘त्या वेळी नेमणूक अमुक’. ‘पोलीस निरीक्षक, अमुक ठाणे’ असं नुसतं पद घातलंत की बदलून आलेला माणूस येऊन हात वर करतो, आणि ‘पोलीस ठाणे’ ही कायद्याच्या लेखी व्यक्ती नाहीच. दावा कनिष्ठ स्तराकडे नको, शासन पक्षकार असल्याने वरिष्ठ स्तर.

द्वेषमूलक खटल्याचा मुद्दा यात घालू नका असं माझं मत. ‘क’ समरी म्हणजे फिर्याद खोटी नव्हे, गैरसमजाची किंवा दिवाणी स्वरूपाची. ‘ब’ (खोटी फिर्याद) असती तर गोष्ट वेगळी.

नाझरखाना

रकमेबद्दल कोणी बोललं नाही. मागणी जितकी मोठी तितकं कोर्ट फी मुद्रांक, पन्नास लाख लिहिण्याआधी पक्षकाराला मुद्रांकाचा आकडा काढून दाखवा. दुकान बंद राहिल्याचे दिवस, वकिलाची फी, जामिनाचा खर्च आणि रोखीतला फरक हे पावत्यांसह स्वतंत्र मांडा, मानहानीची रक्कम वेगळी. हुकूमनामा झाला तरी शासनाविरुद्ध दरखास्त (वसुलीचा अर्ज) लगेच चालत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे तीन महिने थकल्यावरच. अधिकाऱ्याच्या पगारातून वसुली करायची तर कलम ६० आहे: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित, जप्ती बाकीच्यावर.

मानवी हक्क आयोग किंवा पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असेल तर करा, पण तिथे फाइल आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. १४ सप्टेंबर तिथेच आहे.