सीएनसी घेऊन वर्ष झालं, माल जवळपास तेवढाच निघतोय, असं का?

भोसरीकर:
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं टर्निंगचं (लेथवर धातू कातायचं) शॉप आहे, बाबांनी दोन लेथवर सुरू केलेलं. मागच्या वर्षी कर्ज काढून सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ) घेतली. मशीन भन्नाट आहे, जो पीस आधी ११ मिनिटं खायचा तो ३ मिनिटांत निघतो, पण महिन्याचा डिस्पॅच बघावा तर किंचित जास्त आणि हप्ता मात्र ५ तारखेला न चुकता जातो. बाबा "मी सांगत होतो" म्हणून मोकळे. तंत्रज्ञानाने अर्थव्यवस्था वाढते असं रोज वाचतो, मग आमच्या गाळ्यात ती वाढ अडली कुठे?

पट्टापुली:
दादा, हे दुखणं शंभर वर्षांचं आहे. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र चालू केलं, तरी १९०० च्या आसपास अमेरिकन कारखान्यांत विजेच्या मोटरीवर चालणारी ताकद जेमतेम ५ टक्के. आणि ज्यांनी मोटर घेतली त्यांनी काय केलं, तर वाफेचं इंजिन काढून तिथेच एक मोठी मोटर बसवली, वर छताला तोच लांबलचक शाफ्ट (फिरता दांडा) आणि त्यावरून मशीनं फिरवणारे तेच पट्टे (जुन्या गिरणीत बघितले असतील). एक मशीन चालवायला अख्खा शाफ्ट फिरवायचा, आणि मशीन कुठे ठेवायचं ते शाफ्ट ठरवणार. पुढे प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर आली, मग लोकांनी एकमजली लांब शेड बांधल्या, कामाच्या क्रमाने मशीनं लावली आणि खरी उडी १९२० च्या दशकात दिसली. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये हाच दाखला कॉम्प्युटरसाठी दिला होता. तुम्ही पण मोटर बदललीय, शाफ्ट तोच असणार.

मीनल_एन:
पटतं, पण सगळं खापर मांडणीवर नको. चालू इंजिन आणि धडधाकट इमारत कोण उगाच मोडणार? सीएनसीचंच बघा ना, हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून जॉन पार्सन्स या अमेरिकन कारखानदाराला कल्पना सुचली, पैसा अमेरिकन हवाई दलाचा, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९५२ ला मशीन चालवून दाखवलं. पण छोट्या शॉपला परवडायला मायक्रोप्रोसेसर (कॉम्प्युटरची मुख्य चिप) स्वस्त व्हावा लागला, म्हणजे दुसऱ्याच धंद्यातला शोध.

सेटरभाऊ:
इतिहास राहू द्या, एका वेळी किती पीसचा लॉट लावता ते सांगा. मी १४ वर्षं सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) आहे. ४० पीसचा लॉट म्हणजे २ तासांचं काम, आणि सॉफ्ट जॉ (पीस पकडायचे जबडे) बोअर करा, टूल लावा, ऑफसेट (टूलची मापं) घ्या, पहिला पीस काढा आणि मग क्यूसीवाला (माल तपासणारा) चहा पिऊन येईपर्यंत मशीन उभी, यात पण २ तास गेले तर कसली बोंबलायची स्पीड! एक दिवस नुसतं घड्याळ लावून बसा. आणि सीएनसीनंतर पीस कुठे जातो तेही बघा.

भोसरीकर:
बसलो भाऊ. ८ तासांच्या शिफ्टमध्ये मशीनने धातू कापला ३ तास १० मिनिटं. पुढे ड्रिलिंगपाशी दोन क्रेट भरून पीस पडलेले. गंमत म्हणजे मशीनवर एका पीसची सायकल चालू असताना ऑपरेटर ३ मिनिटं हात बांधून उभा असतो, तेवढ्यात एक पीस आरामात ड्रिल होईल, पण ड्रिलिंग मशीन गाळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे का, तर बाबांच्या काळात थ्री फेजचा पॉइंट तिथे होता 😅

पट्टापुली:
सापडला शाफ्ट!

भोसरीकर:
बाबांना कागद दाखवला, काही बोलले नाहीत. आत्ता बघतो तर पाना घेऊन ड्रिलिंगचे फाउंडेशन बोल्ट सोडतायत, आणि वायरमनला मलाच फोन करायला सांगितलंय.