गरिबी घटली, मग विषमतेची ओरड कशाला?

परळकर
तेंडुलकर समितीने आखलेल्या दारिद्र्यरेषेने मोजलं तर देशातली गरिबी २००४-०५ मध्ये ३७.२ टक्के होती, २०११-१२ मध्ये २१.९ टक्क्यांवर आली. चांगलंच झालं. पण त्यावरून "गरीब वर येतोय ना, मग श्रीमंत किती श्रीमंत झाला याच्याशी काय घेणंदेणं?" असं जे हल्ली सर्रास विचारलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. मुंबईत तर नाहीच. इथे रेशनवर तांदूळ मिळतो, राहायला जागा मिळत नाही. जागेचा भाव ठरतो तो ज्याच्याकडे सगळ्यात जास्त पैसा आहे त्याच्या ऐपतीवर. वॉचमनचा पगार वाढतो, तरी त्याची खोली नालासोपारा, विरार करत लांबच जाते.

आणि पैशापाठोपाठ नियमही वळतात. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, त्यातले हजारो परत कामावर गेलेच नाहीत. गिरणीच्या जमिनीवर नवं बांधकाम करायचं तर १९९१ च्या नियमात तिचे साधारण तीन वाटे होते: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. शेड उभ्या होत्या त्याखालची जमीन सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. कामगारांच्या हाती मालकांइतकी ताकद असती तर हे झालं असतं का?

पनवेलचा प्रवासी
परळकर, तळमळ समजते, पण कारण चुकीचं धरलंत. घरं महाग आहेत कारण ती बांधूच दिली नाहीत. शहरात १.३३ आणि उपनगरात १ एवढाच एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) वर्षानुवर्षं ठेवला, वर १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाड्याने द्यायला चाळ बांधणं तोट्याचं झालं, मग नव्या चाळी कोण बांधणार? श्रीमंत उद्या निघून गेले तरी घरांचा तुटवडा राहीलच.

चीनकडे पाहा. १९८० नंतर तिथे विषमता वाढली, पण सुमारे ८० कोटी माणसं अत्यंत गरिबीतून बाहेर आली. बंद गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली म्हणून माझ्यासारख्या हजारोंना नोकरी मिळाली. शिवाय खर्चाच्या पाहणीनुसार आपला २०२२-२३ चा गिनी निर्देशांक, म्हणजे विषमतेचं माप (० म्हणजे सगळे समान, १०० म्हणजे सगळं एकाकडे), २५.५ आहे. जगात हा कमीच म्हणायचा.

परळकर
तो खर्चाचा आकडा आहे, उत्पन्नाचा नाही. पाहणीवाले चाळीत दार वाजवून आत जातात, टॉवरच्या गेटवर अडतात. उत्पन्न बघा: वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. एफएसआयचं म्हणाल, तर तो वाढवून दिला तेव्हा तरी वॉचमनच्या ऐपतीची घरं कुठे झाली?

शिवडीची
दोघांनाही एक विचारते. पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर बघितलाय? १९७२ च्या दुष्काळात तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, आणि तिला पैसा मिळावा म्हणून हा कर आला. शहरातल्या कमावत्यांनी भरायचा आणि गावातल्या मजुराला मागेल तेव्हा काम मिळायचं. केंद्राचा रोजगार हमी कायदा तर २००५ मध्ये आला, महाराष्ट्र त्याच्या कितीतरी आधी. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे.

पण घटनेत या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये, तीही १९८८ पासून तशीच. माझे महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात. आमच्या कंपनीच्या सर्वात वरच्या साहेबांचेही तेवढेच! विषमता अशीही टिकते, परळकर. कुणी नियम वळवावा लागत नाही, नुसता हात न लावता ठेवला तरी पुरतं.

पनवेलचा प्रवासी
ताई, ही मर्यादा उठवायला माझा पाठिंबा आहे. मात्र तो पैसा वेगळ्या खात्यात राहावा आणि कुठल्या कामावर गेला हे जिल्हावार जाहीर व्हावं. नाहीतर कर वाढेल, मजुराची मजुरी मात्र तशीच थकेल.

परळकर
हिशोब मागा, जरूर मागा. पण हाच हिशोब गिरण्यांच्या जमिनीचाही मागूया. म्हाडाकडे अर्ज केलेले कितीतरी कामगार, त्यांचे वारस अजून घराची वाट बघताहेत.

शिवडीची
माझे वडील त्यातलेच. त्यांचा अर्ज आता माझ्या फाइलमध्ये आहे.