नीटसाठी एक वर्ष थांबताना: अनुभव धागा

धागाकर्ता

नीटचा (वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला, सरकारी एमबीबीएस थोडक्यात हुकलं, आता वर्षभर थांबायचं असं ठरलेल्या घरांसाठी हा धागा. 'मन लावून अभ्यास कर' हा सल्ला घरोघरी फुकट मिळतो. इथे शिकवणाऱ्यांनी, दाखले करून देणाऱ्यांनी, मेस चालवणाऱ्यांनी आपापल्या कामातलं नेमकं लिहावं: काय, किती, कधी आणि गाडी कुठे अडते. आपबीती नको.

सुरुवात मीच करतो. थांबायचं की नाही हे गुणांवरून ठरवू नका, रँकवरून ठरवा. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. तेव्हा 'मागच्या वर्षी इतक्याला मिळालं होतं' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. सीईटी सेलच्या (राज्यातले प्रवेश राबवणाऱ्या कार्यालयाच्या) निवड याद्यांमध्ये प्रत्येकाची अखिल भारतीय रँक असते. आपल्या प्रवर्गाची शेवटच्या फेरीतली शेवटची रँक काढा, मागच्या २ वर्षांची, आणि आपली रँक शेजारी लिहा. अंतर डोळ्यांना दिसलं की घरातला निम्मा वाद मिटतो.

'हाताशी असू दे' म्हणून बीडीएस (दंतवैद्यक) किंवा बीएएमएसची (आयुर्वेद) जागा घेऊन ठेवणाऱ्यांनी प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख आणि त्यानंतरच्या फीची अट माहितीपुस्तिकेत आधी वाचावी. मूळ कागदपत्रं तिथेच अडकतात, तो ताप वेगळा.

आकडेमोड

पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा: भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४, चुकल्यास १ वजा. २०२१ ते २०२४ मधले पेपर २०० प्रश्नांचे होते आणि त्यात प्रश्न सोडून देण्याची मुभा होती. ते सरावाला वापरताना वेळेचं गणित बदलून घ्या, नाहीतर वेग उगाच चांगला वाटतो.

चालणारी वाटणी अशी: जीव ४५ मिनिटं, रसायन ५०, भौतिक ६५. उरलेली २० मिनिटं खुणा करून ठेवलेल्या प्रश्नांसाठी. ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोल शेवटी एकदम भरायचे नाहीत. प्रश्नपत्रिकेचं पान उलटलं की त्या पानाचे गोल भरायचे. शेवटी भरणाऱ्याचा एक गोल सरकला की पुढचे सगळे सरकतात आणि बॉलपेनचं खोडता येत नाही.

'अंदाज मारू नको' हा सल्ला मला पटत नाही. डोळे मिटून मारलेल्या ४ अंदाजांत सरासरी १ बरोबर येतो: ४ मिळाले, ३ गेले, हाती १. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर दर प्रश्नी सरासरी दीड गुण मिळतो. खरी गळती दुसरीकडे असते. येत असलेला प्रश्न चुकला की ४ मिळत नाहीत आणि १ जातो, म्हणजे ५ गुणांचा फरक. असे १२ प्रश्न म्हणजे ६० गुण.

म्हणून चुकांची वही. प्रत्येक सराव पेपरनंतर चुकलेल्या प्रश्नापुढे एकच अक्षर लिहायचं: 'न' म्हणजे माहीतच नव्हतं, 'वि' म्हणजे विसरलो, 'वा' म्हणजे वाचताना चुकलं, 'आ' म्हणजे आकडेमोड. 'न' असेल तर धडा पुन्हा. 'वि' असेल तर उजळणी तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी. 'वा' वर मात्र धडे वाचून उपयोग नाही. त्यासाठी 'अयोग्य विधान निवडा'मधल्या 'अयोग्य'भोवती पेनाने गोल काढायची सवयच लावावी लागते. रिपीटर मुलं सगळ्याच चुकांवर 'न'चं औषध घेतात, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसतात, आणि गुण जागचे हलत नाहीत.

बेडूकराव

जीवशास्त्राचे ३६० गुण एनसीईआरटीच्या (केंद्राच्या) अकरावी-बारावीच्या दोन पुस्तकांवर उभे आहेत. महाराष्ट्र बोर्डातून आलेल्यांनी बालभारतीची पुस्तकं समजून घेण्यासाठी ठेवावीत, पाठांतर मात्र एनसीईआरटीचं. सध्याच्या आवृत्तीत अकरावीचे १९ आणि बारावीचे १३, मिळून ३२ धडे आहेत. पहिलं वाचन रोज ८ ते १० पानांचं, आकृत्यांखालच्या ओळी आणि तक्त्यांसकट. दुसऱ्या वाचनाला धडा संपल्यावर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर मथळे लिहून बघा. अधोरेखित करण्याने काही होत नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत अख्खं पान पिवळं झालेलं असतं.

एक खोच. २०२४ पासूनच्या अभ्यासक्रमात वनस्पतींची पाच कुळं नावानिशी दिली आहेत: माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी. छाटलेल्या नव्या पुस्तकात ती सगळी सापडत नाहीत. म्हणून पुस्तकाची अनुक्रमणिका बघून नाही, अभ्यासक्रमाचा कागद भिंतीला लावून टिक करत जा.

मराठीतून पेपर देणाऱ्यांसाठी: मराठी पुस्तिका महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर मिळते. शेजारी इंग्रजी मजकूरही असतो आणि भाषांतराचा वाद झाला तर इंग्रजी ग्राह्य धरतात. संज्ञा दोन्ही भाषांत पाठ असायला हव्यात.

शून्यत्रुटी

भौतिक म्हणजे भीती, आणि त्या भीतीपोटी मुलं जून-जुलैचे दोन महिने घूर्णन गतीत घालवतात. उलट करा. आधुनिक भौतिकी, अर्धवाहक, विद्युतधारा, एकके व मापन हे आधी पक्के करा. कमी वेळात गुण येतात आणि धीर टिकतो. घूर्णन सप्टेंबरात.

प्रात्यक्षिकांवरचा भाग अभ्यासक्रमात स्वतंत्र घटक म्हणून आहे आणि मुलं तो हमखास सोडतात. स्क्रूगेज घ्या: अंतराल ०.५ मिमी, वर्तुळाकार भाग ५०, म्हणजे लघुतम माप ०.०१ मिमी. मुख्य मोजपट्टीवर २.५ आणि वर्तुळाकारावर २० असेल तर २.७० मिमी. शून्य त्रुटी +०.०३ असेल तर उत्तर २.६७. ती त्रुटी चिन्हासकट वजा करायची असते. उणे असेल तर आपोआप मिळवली जाते. चूक होते ती नेमकी इथे.

कॅल्क्युलेटर नसतो. √२ = १.४१, √३ = १.७३, लॉग २ = ०.३०१, लॉग ३ = ०.४७७ हे तोंडावर हवेत. रोज १५ मिनिटं नुसती हाताने गुणाकार-भागाकाराची आकडेमोड. मोबाईलवर टकटक करून सराव केलेल्याला मे महिन्यातल्या पेपरात साधा भागाकार जड जातो.

सेतूवाला

अभ्यासाचं वर चाललंय, मी कागदांचं सांगतो. प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्रात रडणारे पालक दरवर्षी असतात आणि बहुतेकांचं काम आदल्या दिवाळीपर्यंत होण्यासारखं असतं.

आरक्षित प्रवर्गातल्यांनी जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत आधी. त्या अर्जाला प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र लागतं. रिपीटर कुठल्याच कॉलेजात नसतो, म्हणून जिथून बारावी केली तिथून ते पत्र दाखला काढतानाच मागून घ्या. त्रुटी निघते ती बहुधा आडनावाच्या लेखनात किंवा आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यात. दुरुस्तीला महिने जातात, दिवस नव्हे.

नॉन-क्रिमीलेअरची वैधता प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत हवी. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्याचं चालत नाही. जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा. अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला एकदाच काढायचा असतो, काढून टाका. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र मात्र प्रवेशाच्या वेळी करा, आधी करून उपयोग नाही.

नुसतं नावाला बीएससीला प्रवेश घेणाऱ्यांनो, शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिकडे जमा होतो. मेडिकलला शेवटच्या संस्थेचा दाखला मागतात, म्हणजे तिथून नाव काढून नवा घ्यावा लागणार. फेऱ्या सुरू झाल्यावर ही पळापळ महागात पडते.

बारावीला पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) मिळून ५० टक्के (आरक्षित प्रवर्गाला ४०) नसतील तर बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून महाराष्ट्रातच पुन्हा बसा. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावायला हरकत नाही. परराज्यातून बारावी पुन्हा दिलीत तर राज्य कोट्याची पात्रता धोक्यात येऊ शकते.

आणि हो, नीटच्या अर्जात जो फोटो तोच शेवटपर्यंत. पासपोर्ट आकाराच्या ८ आणि ४×६ इंचाच्या ४ प्रती एकदमच काढून ठेवा.

मेसचा डबा

लातूर-नांदेडला क्लाससाठी खोली घेताना क्लासपासून पायी १० मिनिटांच्या आत घ्या. वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली स्वस्त मिळते, पण उन्हाळ्यात तापते, ती घेऊ नका. उजळणी नेमकी मार्च-एप्रिलमध्येच असते. मेसचे पैसे पहिल्या महिन्यात महिन्याचेच भरा, वर्षाचे नव्हे.

पेपर दुपारी २ ते ५ असतो आणि फाटक दीडला बंद होतं. म्हणजे जेवण अकराच्या आसपास आणि हलकं. ही सवय फेब्रुवारीपासून दर रविवारी लावा: अकराला वरण-भात, २ ला सराव पेपर. एरवी दुपारी २ ला झोपणारं शरीर त्या एका दिवशी जागं राहत नाही.

पाळीवरची सिस्टर

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. हिपॅटायटिस बीची लस. मेडिकलला रक्ताशी, सुयांशी संबंध येणार, आणि तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. आधी लहानपणीचं लसीकरण कार्ड शोधा. देशभरच्या सरकारी लसीकरणात ही लस २०११ च्या सुमारास आली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेली नसते. नसेल तर नोव्हेंबरात पहिला डोस, डिसेंबरात दुसरा, तिसरा मे महिन्यात पेपर झाल्यावर. दंड दुखतो, क्वचित कणकण येते, म्हणून रविवारच्या सराव पेपरच्या आदल्या दिवशी घेऊ नका, सोमवारी घ्या. तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासणी (लस लागू पडली का हे दाखवणारी रक्ततपासणी) करा. १० mIU/mL किंवा त्याहून जास्त आलं की झालं. तो रिपोर्ट आणि डोसच्या तारखांचं कार्ड सेतूवाल्यांनी सांगितलेल्या कागदांच्या फाइलमध्येच लावून ठेवा.